दरवाढीच्या आदल्या रात्री मीटरचं रीडिंग पाठवलं तर बिल कमी येतं का?

मार्च संपत आला की व्हॉट्सॲपवर सल्ले फिरायला लागतात. १ एप्रिलपासून वीज महागणार, तर ३१ मार्चच्या रात्री मीटरचा फोटो काढून पाठवा, म्हणजे आधीचे युनिट जुन्या दराने लागतील. ऐकायला पटतं. पण हा सल्ला मुळात ब्रिटनमधला आहे.

तिथे १ एप्रिल २०२२ ला घरगुती ऊर्जेच्या दराची कमाल मर्यादा ५४ टक्क्यांनी वाढली. ग्राहकाने रीडिंग दिलं नाही तर तिथल्या कंपन्या वापराचा अंदाज बांधतात. म्हणून आदल्या दिवशी लोकांनी रीडिंग पाठवायला इतकी गर्दी केली की बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइट बंद पडल्या. तिकडच्या नातेवाइकांचा हा सल्ला इथे चालत नाही, कारण आपला नियम वेगळा आहे.

लोधिवलीत काय होतं?

खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीत घरगुती वीज महावितरणची. (पलीकडे खोपोलीत १९१५ पासून टाटांची वीज तयार होते, पण ती मुंबईसाठी. त्यामुळे मुंबईतल्या मामाच्या बिलावरून आपलं बिल ताडू नका, त्यांची कंपनी आणि दर वेगळे असू शकतात.)

महावितरणचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. बिलाच्या काळात मध्येच दर बदलला तर काय करायचं, हेही आयोगाच्या आदेशात असतं: एकूण युनिट दिवसांवर वाटायचे. समजा, तुमचं रीडिंग १० मार्चला झालं आणि पुढचं १० एप्रिलला. ३१ दिवसांत १२४ युनिट, म्हणजे दिवसाला ४. मग मार्चच्या २१ दिवसांचे ८४ युनिट जुन्या दराने आणि एप्रिलच्या १० दिवसांचे ४० युनिट नव्या दराने. ३१ मार्चला मीटरवर काय आकडा होता, याचा इथे प्रश्नच येत नाही. शिवाय महावितरणचं ॲप तुमच्या रीडिंगच्या ठरलेल्या तारखेच्या आसपासच रीडिंग घेतं, कधीही नाही.

आणि दर काही नेहमी १ एप्रिललाच बदलतो असंही नाही. २०२५ मध्ये आयोगाने २८ मार्चला आदेश काढला, लगेच २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली, मग २५ जूनला नवा आदेश आला आणि दर लागू झाले १ जुलैपासून.

मग रीडिंग पाठवायचंच कशाला?

कारण खरा फटका दरवाढीच्या तारखेत नाही, टप्प्यात आहे. १ एप्रिल २०२४ ला पहिल्या १०० युनिटांचा दर ४ रुपये ४१ पैशांवरून ४ रुपये ७१ पैसे झाला. वाढ ३० पैसे. म्हणजे ४० युनिटांमागे १२ रुपये. पण १०१ ते ३०० युनिटांचा दर होता १० रुपये २९ पैसे. तेच ४० युनिट पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेले तर फरक २२३ रुपयांचा! (वहन आकार, कर वगैरे यात धरलेले नाहीत.)

युनिट चुकीच्या टप्प्यात जायची भीती असते ती रीडिंगच झालं नाही तर. दोघंही कामावर, फाटकाला कुलूप, मीटर आत. मग सरासरी बिल येतं. दोन-तीन महिन्यांनी खरं रीडिंग झालं की सगळे युनिट एकदम बिलात उतरतात. ते महिन्यांवर वाटून टप्प्याचा लाभ द्यायचा असतो. तीन महिन्यांचे ३०० युनिट असतील तर दर महिन्याचे १०० धरायला हवेत. तसे धरलेत का, हे मात्र स्वतः तपासावं.

२०२० मध्ये हेच सगळ्या राज्याने पाहिलं. लॉकडाऊनमुळे २३ मार्चपासून रीडिंग थांबलं, १ एप्रिलला नवे दर लागले, मधली बिलं हिवाळ्याच्या सरासरीवर गेली. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि आकडे बघून लोक हबकले. त्यात उन्हाळ्याचे पंखे, दिवसभर घरात माणसं, मागच्या महिन्यांची थकलेली युनिटं, सगळं एकत्र होतं. रीडिंग स्वतः पाठवा, असं महावितरण तेव्हा सांगत होतं. ज्यांनी पाठवलं त्यांना निदान आपला आकडा ठाऊक होता.

कसं पाठवायचं?

आधी बिल काढा. 'चालू रीडिंग'च्या जागी आकड्याऐवजी 'लॉक्ड', 'इनॲक्स' किंवा 'आरएनए' असं इंग्रजीत छापलेलं असेल, तर ते बिल सरासरीचं आहे. 'फॉल्टी' असेल तर रीडिंग पाठवून उपयोग नाही, मीटर बदलून मागा.

मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, व्होल्टेज असे आकडे फिरत राहतात. ज्याच्याजवळ 'केडब्ल्यूएच' दिसतं तोच आपला. दशांश चिन्हापुढचे अंक सोडा. बहुतेकांची चूक इथेच होते, 'केडब्ल्यू'चा छोटा आकडा पाठवला जातो.

महावितरणच्या ॲपमध्ये १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून आकडा आणि फोटो द्या. स्मार्टफोन नसलेल्या आजी-आजोबांसाठी एसएमएसची सोय आहे: इंग्रजीत 'एमरीड' (एम, आर, ई, ए, डी जोडून), जागा सोडून ग्राहक क्रमांक, पुन्हा जागा सोडून रीडिंग, आणि पाठवायचं ९९३०३९९३०३ वर. मोबाइल क्रमांक आधी नोंदवलेला हवा. फोटो मात्र जपून ठेवा. बिलाबद्दल तक्रार करायची वेळ आली तर तारखेसह तोच कामी येतो. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

नवा स्मार्ट मीटर बसला असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही, रीडिंग आपोआप जातं. आकडा मात्र महिन्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बिल आलं की जुळवून बघता येईल.