आत्याबाई: एक हाक, दोन नाती

वडिलांची बहीण ती आत्या. आते आणि आत्याबाई ही तिचीच रूपे. आईची बहीण ती मावशी. घरात हे दोन शब्द जोडीने वावरतात, पण त्यांचे माहेर एक नाही. मावशी संस्कृतातल्या मातृष्वसृ या शब्दावरून प्राकृताच्या वाटेने मराठीत आली. त्याच वाटेने पितृष्वसृ या शब्दावरून आत्येसाठीही नाव यायला हवे होते. बंगालीत तसे ते आले: माशी आणि पिशी. मराठीने मात्र मावशी ठेवली आणि पिशीच्या जागी आत्येला बसवले.

ही आत्या दक्षिणेकडेही भेटते. कन्नडात अत्ते, तेलुगूत अत्त, तमिळमध्ये अत्तै. पण तिकडे या शब्दाचा अर्थ वडिलांच्या बहिणीपाशी थांबत नाही. सासूलाही तेच नाव आहे, आणि कन्नड-तेलुगूत मामीलाही. तसेच कन्नड ‘माव’ म्हणजे मामा आणि सासराही. आत्येच्या किंवा मामाच्या घरी लग्न व्हायचे हे जिथे धरूनच चाललेले असते, तिथे आत्या आणि सासू यांना वेगळी नावे कशाला लागतील?

महाराष्ट्रातही ही जोडी जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, सून सासूला ‘अत्ता’ म्हणते. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने ‘देशीनाममाले’त हा शब्द घेतला, म्हणजे तो संस्कृतातून साधता येत नाही असे मानले. त्याने दिलेल्या अर्थांत सासूही आहे आणि वडिलांची बहीणही. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशातही ‘अत्ता’ हा शब्द बहुधा दख्खनच्या बोलीतून उचललेला असावा, अशी टीप आहे.

धर्मशास्त्राला या लग्नांचा पेच पडला होता. मामाची किंवा आत्येची मुलगी करणे ही दक्षिणेकडची चाल म्हणून बौधायन धर्मसूत्राने नोंदवली आहे. ज्या मुलखात चाल आहे तिथे दोष नाही, दुसऱ्या मुलखात केली तर दोष, अशी बाजू ते मांडते. मनुस्मृती मात्र अशा संबंधाला प्रायश्चित्त सांगते. महाभारतात पाहावे तर अर्जुनाने सुभद्रेला पळवून नेले ती त्याच्या मामाची, वसुदेवाची मुलगी. सुभद्रेची आत्या असलेली कुंती लग्नानंतर तिची सासू झाली. नाते बदलले, हाक बदलायची गरज नव्हती.

मराठी मुलखात मामाची मुलगी करण्याची रीत अनेक जातींत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. आत्येची मुलगी करणे मात्र बऱ्याच ठिकाणी नापसंत. ज्या घरी आपली मुलगी दिली त्या घरून मुलगी आणू नये, वेल माघारी वळवू नये, असा संकेत. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेचा गोत्रविचार आणि दक्षिणेचा मामेबहिणीशी विवाह इथे एकाच अंगणात नांदतात. राजघराण्यांनी वेलाचा संकेत दरवेळी पाळला असे नाही. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक. त्यांची मुलगी सखूबाई दिली सईबाईंचे भाऊ बजाजी यांच्या मुलाला, महादजीला. सखूबाईंचे सासरे हे त्यांचे मामाच होते.

सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची पद्धत यातूनच कळते. सासू, सासरा हे शब्द श्वश्रू, श्वशुर यांवरून आलेले, पण ते नाते सांगण्याचे शब्द. ‘ही माझी सासू’ असे तिऱ्हाइताला सांगायचे, आणि माजघरातून हाक मारायची ती ‘आत्याबाई, पाणी तापलंय’ अशी. सासर अगदी परक्या घरी असले तरी हाक हीच. गावाकडे जावईही सासऱ्याला मामा म्हणतो, मग मामाचा संबंध असो वा नसो. गोव्याच्या कोंकणीत सासऱ्याला मांव म्हणतात. कन्नड ‘माव’ त्याच्या अगदी शेजारी उभा आहे.

दक्षिणेचा ठसा आणखी एका शब्दावर उमटलेला दिसतो, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भाचा हा शब्द भागिनेय, म्हणजे बहिणीचा मुलगा, यावरून आलेला. काका भावाच्या मुलाला पुतण्या म्हणतो. पण आत्या भावाच्याच मुलाला भाचा म्हणते! हिंदीत काका असो की बुआ, दोघांनाही तो भतीजाच. मराठीत मात्र बोलणारा पुरुष की बाई यावर नाव ठरते. मामा आणि आत्या एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, ही विभागणी दक्षिणेचीच. कन्नडात ‘अळिय’ म्हणजे भाचाही आणि जावईही.

बारशाला आत्येचा मान मोठा. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करून नाव सांगायचे ते तिनेच, आणि ते सांगत असताना तिच्या पाठीत बुक्के बसतात तेही तिच्याच वाट्याला. भावाच्या लग्नात करवली म्हणून मिरवलेली बहीण वर्ष-दोन वर्षांत या जागी बसते. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते’ या म्हणीतही ती वडिलांच्याच बाजूची धरलेली आहे.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने भावाबहिणीच्या मुलांचा विवाह निषिद्ध नात्यांत घातला, पण दोन्हीकडे तशी रूढी असेल तर मोकळीक ठेवली. शहरांत ती लग्ने विरळ झाली, आणि हाकही. विसाव्या शतकात सुना सासूला आई म्हणू लागल्या. अलीकडे माहेरच्या आईपासून वेगळे ओळखू यावे म्हणून गमतीने ‘अहोआई’ हा शब्द निघाला आहे. आत्येच्या नवऱ्याला आतोबा म्हणत. तोही आता बहुतेक घरांत काका झाला आहे.