मॅकगिलमधील शेजार : मानसशास्त्र आणि मज्जाविज्ञान

मानसशास्त्र आणि मज्जाविज्ञान, म्हणजे मेंदू व मज्जासंस्था यांच्या रचनेचा आणि कार्याचा अभ्यास, हे दोन्ही विषय एकाच पदवीसाठी शिकण्याची सोय आज अनेक विद्यापीठांत असली, तरी त्यांचे सख्य अखंड टिकलेले नाही. 1879 मध्ये लाइप्त्सिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारणारे व्हिल्हेल्म वुंट मूळचे वैद्यकाचे पदवीधर होते. पुढे अमेरिकेत मात्र वर्तनवादाचा, म्हणजे बाहेरून दिसणारे वर्तन हाच अभ्यासविषय मानणाऱ्या मताचा, जोर वाढला आणि मेंदू मानसशास्त्राच्या वर्गाबाहेर पडत गेला.

तो परत आणण्यात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची सुरुवात अभ्यासक्रमाच्या आखणीतून नव्हे, तर शस्त्रक्रियागृहातून झाली. वाइल्डर पेनफिल्ड यांनी तेथे 1934 मध्ये स्थापन केलेल्या मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूचा दोषयुक्त भाग काढला जाई. अशा रुग्णांच्या बुद्धीवर काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी 1937 मध्ये आलेल्या डोनाल्ड हेब यांना असे आढळले की, मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा अंश गेल्यावरही काही रुग्णांचे बुद्धिमापन चाचणीतील गुण फारसे घटत नाहीत. हे कोडे त्यांनी सोडले नाही. 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ऑर्गनायझेशन ऑफ बिहेवियर’ या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, एक मज्जापेशी दुसरीला वारंवार उद्दीपित करीत राहिली की त्या दोघींमधील जोड बळकट होतो आणि अशा जोडांतून बनणारे पेशीसमूह हाच विचाराचा व शिकण्याचा शारीरिक पाया असतो. मन आणि पेशी यांना एकाच वाक्यात आणणारी ही मांडणी त्या काळी धाडसाचीच होती.

हेब यांच्या विद्यार्थिनी ब्रेंडा मिल्नर यांनी मॅकगिलमध्ये मानसशास्त्रातील डॉक्टरेटसाठी पेनफिल्ड यांच्या रुग्णांचा अभ्यास केला आणि 1952 मध्ये ती पदवी मिळवली. दोन विद्या खऱ्या अर्थाने एकत्र शिकणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. पुढे त्या अमेरिकेतील हार्टफर्ड येथील एका रुग्णाच्या चाचण्या घेऊ लागल्या. विल्यम स्कोव्हिल यांनी 1953 मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलामागे खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागासह, काही अंश काढला होता आणि तेव्हापासून त्याला नवे काहीच लक्षात राहत नव्हते. स्कोव्हिल आणि मिल्नर यांच्या 1957 मधील निबंधाने स्मृती आणि मेंदूचा हा भाग यांचा संबंध ठामपणे प्रस्थापित केला. मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची दुहेरी बाह्यरेषा गिरवण्यास सांगितले तेव्हा तीन दिवसांत त्याच्या चुका सतत कमी होत गेल्या, हात सराईत झाला. पण ही चांदणी आपण पूर्वी कधी काढली आहे, हे मात्र त्याला दरवेळी नव्याने सांगावे लागे.