'लिमिता' : एका शिवीची जन्मकथा



शिवी आईबहिणीवरूनच द्यावी लागते असे नाही. सरकारी कागदावरला एखादा निरुपद्रवी शब्दही शिवी होऊन बसतो. रशियन भाषेतील 'लिमिता' हा असाच शब्द आहे.

'लिमित' म्हणजे ठरवून दिलेली मर्यादा. २७ डिसेंबर १९३२ रोजी सोव्हिएत सरकारने देशांतर्गत पासपोर्टाची पद्धत सुरू केली. शहरात राहायचे तर त्यावर वास्तव्याची नोंद हवी. सामुदायिक शेतीवरील बहुतेक शेतकऱ्यांना पासपोर्टच मिळत नसे. तो हक्क १९७४ च्या हुकुमाने मिळाला. पण मॉस्कोला कामाचे हात तर हवे होते! बांधकामावरची, मोटार कारखान्यांतली अवजड कामे करायला शहरची माणसे नाखूष. तेव्हा महायुद्धानंतरच्या दशकांत, बाहेरून किती माणसे आणायची याचा 'लिमित' कारखान्यांना मंजूर होऊ लागला. अशा कामगाराला तात्पुरती नोंद आणि वसतिगृहात एक खाट मिळे. काही वर्षे राबल्यावर कायम नोंदीची आशा असे. तोवर काम सोडले की खाट गेली, शहरही गेले. मग मुकादमापुढे मान वर कोण करणार?

या माणसांना शहराने नाव दिले 'लिमिता'. 'बेदनता' म्हणजे गरीबगुरीब. त्याच धर्तीचा हा समूहवाचक शब्द. त्यात माणूस उरत नाही, नुसता घोळका उरतो. १९३६ च्या राज्यघटनेने जे राज्य कामगार-शेतकऱ्यांचे म्हटले, तेथे शेतकऱ्याच्या पोराला कामगार झाल्याबद्दल ही शिवी!

आणि शिवी देणारे तरी कोण? मॉस्कोची वस्ती १९२६ साली सुमारे वीस लाख होती. १९३९ साली ती चाळीस लाखांवर गेली. ही भर मुख्यतः खेड्यांतून आलेल्यांची. म्हणजे कित्येकांचे बाप स्वतःच बोचके घेऊन आलेले! मेन्शोव यांच्या 'मॉस्कोचा अश्रूंवर विश्वास नाही' या चित्रपटातली वसतिगृहात राहणारी कात्या प्राध्यापकाची मुलगी असल्याची बतावणी करते. ती कारखान्यात काम करते हे कळताच तिचा प्रियकर पाठ फिरवतो. १९८१ साली या चित्रपटाला ऑस्कर मिळाले.

१९९३ च्या रशियन राज्यघटनेने संचाराचे व वास्तव्याचे स्वातंत्र्य मान्य केले. लिमित गेला, शिवी मात्र राहिली.

मित्रहो, हे मी परक्यांना हसण्यासाठी सांगितले नाही. आपला कायम कामगार 'कंत्राटी' हा शब्द कोणत्या सुरात उच्चारतो, ते मी गेटसभांत ऐकले आहे. तो सूर निघाला की मालकाला फूट पाडण्याचे कष्ट उरत नाहीत. म्हणून युनियनची पावती फाडण्याआधी आपण आपली जीभ तपासू या.