शुद्धलेखनाची घरगुती शाळा

शाळेंत ठराविक वारीं शुद्धलेखनाचे दहावीस शब्द विचारले जावयाचे असले म्हणजे आदल्या रात्रीं अनेक घरांत एक लहानशी शाळा भरते. आई अगर वडील शब्द सांगतात, मूल तो वहींत उतरून घेतें, आणि मग चुकलेल्या वेलांट्यांची झडती सुरू होते. हा देखावा इतका परिचित आहे कीं, तो फार पुरातन असावा असें वाटतें. वस्तुतः मराठी मुलांस ऱ्हस्वदीर्घाबद्दल जाब विचारण्याची ही सार्वत्रिक रीति दोनशें वर्षांहून फारशी जुनी नाहीं. आणि ती कशी उत्पन्न झाली हें ठाऊक असणें घरच्या शिक्षकास उपयोगाचें आहे, असें आमचें मत आहे.

पंतोजींच्या शाळेंत मूल प्रथम धूळपाटीवर अक्षर गिरवी. पुढें बोरू हातीं येई आणि कित्ता वळविण्याचें काम चाले. बालबोध ही पोथ्यांची लिपि. व्यवहाराची लिपि मोडी. या मोडींत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसे. कारकुनाची योग्यता ठरे ती अक्षराच्या वळणावरून, हाताच्या वेगावरून आणि हिशेबावरून. वेलांटी पहिली कीं दुसरी, हा प्रश्नच तेथें उद्भवत नसे. याच लिपींत राज्यें चाललीं, तह झाले, सावकारांच्या पेढ्या चालल्या. आणि त्या लेखकांस कोणी अशुद्ध म्हटलें नाहीं.

स्थिति पालटली ती छापखान्यामुळें. १८०५ सालीं विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण श्रीरामपुरास छापून निघालें. पुढें एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत मुंबई इलाख्यांत देशी भाषांच्या शाळांसाठीं पुस्तकें तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, आणि १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण. आतां कोशाचा असा स्वभाव आहे कीं, त्यांत प्रत्येक शब्दास वर्णानुक्रमानें एक जागा लागते. एकच शब्द तीन तऱ्हांनीं लिहिला गेला, तर तो सांपडावयाचा कोठें? तीच गोष्ट पाठ्यपुस्तकाची. एक पुस्तक सहस्रावधि मुलांच्या हातीं जावयाचें असल्यानें त्याचें लेखन एकरूप असणें प्राप्तच होतें. हें काम ज्यांच्या साहाय्यानें झालें ते शास्त्री संस्कृतांत मुरलेले होते. अर्थात् उच्चारापेक्षां व्युत्पत्तीकडे त्यांचा ओढा अधिक राहिला, आणि त्याचा भार मुलांच्या पाटीवर पडला.

या भारांतील सर्वांत मोठा वांटा निरुच्चारित अनुस्वारांचा. प्रस्तुत लेख आम्हीं जुन्याच पद्धतीनें लिहीत आहों, तेव्हां हीं टिंबें किती पडतात तें वाचकांस येथेंच पाहतां येईल. तीं निरर्थक नव्हतीं. 'ती' म्हणजे एक स्त्री, आणि 'तीं' म्हणजे मुलें. 'आंबे खाल्ले' यांत अनेकवचन, 'फळ खाल्लें' यांत नपुंसकलिंगी एकवचन. प्राचीन मराठींत हे स्वर नाकांतून उच्चारले जात, आणि कोंकणच्या कांहीं बोलींत ते अजूनही ऐकूं येतात. परंतु देशावरच्या मुलाच्या कानास जें ऐकूं येत नाहीं तें त्यानें केवळ परंपरेखातर लिहावें कां, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काशिनाथ नारायण साने प्रभृति मंडळींनीं उपस्थित केला. वाद दीर्घकाळ चालला. अखेर मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ सालीं महाराष्ट्र शासनानें मान्य केले, १९७२ सालीं त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि न उच्चारलेल्या टिंबांस रजा मिळाली. ज्या आजोबांनीं टिंबें गाळल्याबद्दल मार खाल्ला, त्यांच्याच नातवंडांची टिंबें दिल्याबद्दल चूक धरली जाऊं लागली. चूक कशास म्हणावें हें एका पिढींत असें उलटूं शकतें, हें ज्यानें पाहिलें त्यानें वेलांटीसाठीं मुलाचा कान पिळण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.

याचा अर्थ नियम सोडून द्यावे असा नव्हे. एकरूप लेखनाची सोय मोठी आहे, आणि शाळेंत गुण त्यावरच मिळतात. परंतु नियम शिकवावयाचा तो कारणासह. शब्दांची यादी घरीं आली म्हणजे तिचे प्रथम दोन भाग पाडावे. पहिला भाग घरच्या मराठी शब्दांचा. 'फूल', 'दूध', 'मूल' यांत शेवटच्या अक्षराआधींचा उकार दीर्घ; पण 'फुलाला', 'दुधाला', 'मुलाला' म्हणतांच तो ऱ्हस्व होतो. मुलानें दोन्ही रूपें मोठ्यानें म्हणून पाहिलीं तर हा फरक त्याचा त्यालाच कळतो. येथें कान हाच गुरु. दुसरा भाग संस्कृतांतून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा. 'गीताला', 'शरीराला' यांत दीर्घ वेलांटी हलत नाहीं. येथें कान फसवितो, म्हणून डोळ्यानें पाहून, झांकून, पुन्हां लिहून तो शब्द स्मरणांत बसवावा. रोज चारपांच शब्द असे घेतले, तर आदल्या रात्रींच्या झडतीचें कारण पुष्कळसें उरत नाहीं.

सर्वांत जपावयाचें तें निराळेंच आहे. पुष्कळ घरांत 'पाणी' हा शब्द 'पानी' असा उच्चारला जातो. बहुतेक सर्व घरांत 'केलें' याचा उच्चार 'केलं' असा होतो. मूल ऐकतें तसें लिहितें, म्हणजे त्याचा कान उत्तम आहे. अशा वेळीं 'आपण असें बोलतों, पुस्तकांत असें लिहितात' एवढें सांगावें. 'आपलें बोलणें अशुद्ध' असें मात्र कदापि सांगूं नये. कोशकारांनीं आणि छापखान्यांनीं सोयीसाठीं ठरविलेलें लेखन हें कोणाच्या आजीच्या बोलीवर दिलेला निकाल नव्हे. अलीकडे 'शुद्धलेखन' या शब्दाऐवजीं 'प्रमाणलेखन' हा शब्द रूढ होत आहे, तो याच कारणास्तव आम्हांस ग्राह्य वाटतो. प्रमाण हें माप आहे. आणि माप चुकलें तर तें पुन्हां घ्यावयाचें असतें, त्यासाठीं मुलास लाज वाटावयास लावण्याचें प्रयोजन नाहीं.