काळ्या ऑइलमधला रिपोर्ट : डेन्व्हरच्या रेल्वेपासून ट्रकपर्यंत

आजचा एपिसोड आहे इंजिनातून काढलेल्या जुन्या, काळ्याकुट्ट ऑइलबद्दल. गॅरेजमध्ये ते डब्यात ओतून बाजूला ठेवतात, पण त्याच ऑइलवरून इंजिनाची तब्येत कळते. आणि गंमत म्हणजे, ती ओळखायची पद्धत ट्रकवाल्यांनी नाही, तर रेल्वेवाल्यांनी सुरू केली.

साल १९४६. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न नावाची रेल्वे रॉकी पर्वतांतून धावायची. वाफेची इंजिनं जाऊन डिझेल येत होती. वाफेच्या इंजिनाचे दांडे, चाकं, गळती हे बरंचसं बाहेरून दिसायचं. डिझेलचं तसं नाही, सगळा खेळ आत. बेअरिंग झिजतंय हे बाहेरून कळायचं नाही, आणि कळायचं तेव्हा क्रँकशाफ्टही गेलेला असायचा. बरं, नुसतं बघायला म्हणून इंजिन खोलायचं तर गाडी उभी राहणार. मग या रेल्वेच्या प्रयोगशाळेने वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेला धातू किती आहे ते मोजलं, आणि त्यावरून इंजिन न खोलता बिघाड पकडून दाखवला.

मोजलं कसं? ऑइल ठिणगीत जाळायचं. जळताना प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रंगाच्या रेषा देतं, लोखंडाच्या वेगळ्या, तांब्याच्या वेगळ्या. हे १८६० च्या आसपास जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी दाखवलं होतं. सूर्यावरचा हेलियम १८६८ मध्ये याच रेषांवरून सापडला. तो ओळखणारे नॉर्मन लॉकयर पुढे १८९८ च्या सूर्यग्रहणाला आपल्या विजयदुर्गला आले होते. म्हणजे सूर्यासाठी जी युक्ती, तीच इंजिनासाठी!

१९५५ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी ही पद्धत हाती घेतली. नंतर पैसे घेऊन चाचणी करणाऱ्या लॅब आल्या आणि ट्रकवाल्यांची सोय झाली. आपल्या भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही ऑइलची अशी तपासणी होते.

आता रिपोर्ट हातात आला असं धरा. आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग. लोखंड ४० पीपीएम. घाबरायचं का? हिशोब करू. ३० लिटर ऑइल म्हणजे साधारण २६ किलो. त्यात ४० पीपीएम म्हणजे जेमतेम एक ग्रॅम लोखंड. पण हा एक ग्रॅम किती किलोमीटरमध्ये झिजला? १०,००० किलोमीटरमध्ये ४० पीपीएम, म्हणजे हजार किलोमीटरला ४. दुसऱ्या ट्रकचं लोखंड ६० पीपीएम, पण ३०,००० किलोमीटरनंतर, म्हणजे हजाराला २. आकडा मोठा असून दुसऱ्याची झीज निम्मी! मध्ये नवीन ऑइल टॉप-अप केलं असेल तर आकडा आणखी कमी दिसतो, तेही लिहून ठेवायला हवं.

मी दिवसभर सर्व्हरचे लॉग बघते. तिथेही एक ओळ वाचून कोणी निर्णय घेत नाही, आधी काय होतं आणि सोबत काय आलंय ते बघतात. इथेही जोड्या बघायच्या. सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम दोन्ही वाढले, तर धूळ आत जातेय. एअर फिल्टर आणि त्याचा होज आधी तपासा. एकटं सिलिकॉन असेल तर ते सीलंटमधूनही येऊ शकतं. सोडियम, पोटॅशियम वाढलं तर कूलंटची गळती शोधा. तांब्यासोबत शिसं चढलं तर संशय बेअरिंगवर. पण नव्या इंजिनात नुसतं तांबं चढलं, तर ते बरेचदा ऑइल कूलरमधून सुटलेलं असतं आणि हळूहळू उतरतं.

माझं आवडतं उदाहरण जस्ताचं. ट्रकच्या ऑइलमध्ये कंपनीच झीज कमी करायला जस्त घालते, त्यामुळे १,००० पीपीएमच्या वर आकडा दिसला तरी चालतो. पण ईएमडीच्या अनेक रेल्वे इंजिनांत चांदीचं बेअरिंग असायचं, आणि हेच जस्ताचं अॅडिटिव्ह चांदीला खातं. तिथे १० पीपीएम म्हणजे हद्द! म्हणून कोणतं इंजिन आणि कोणतं ऑइल, हे माहीत नसेल तर रिपोर्टचा अर्थ लागत नाही.

या पद्धतीची एक मर्यादाही आहे. नेहमीच्या यंत्राला साधारण ५ ते ८ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. धातूचे मोठे तुकडे पडत असतील तर आकडे छान आणि इंजिन आजारी, असंही होतं. म्हणून जुना फिल्टर कापून बघायची सवय सोडू नका.

ज्याचा एकच ट्रक आहे आणि डोक्यावर हप्ता आहे, त्याला उगाच इंजिन खोलणं परवडत नाही आणि सीझ होऊ देणं तर त्याहून नाही. म्हणून पहिला रिपोर्ट ट्रक ठणठणीत असतानाच काढा. नमुना इंजिन गरम असताना, ऑइलची धार थोडी वाहू देऊन मग घ्या. सोबत ऑइल किती किलोमीटर चाललं आणि टॉप-अप किती केला ते लिहा. पुढचे दोन-तीन रिपोर्ट याच पद्धतीने काढले की मग तुलना करता येते.

घरात, ओळखीत कोणाचा ट्रक असेल तर त्यांना हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या भागात!