प्लिनी टाऊन हॉलमध्ये

काळयंत्रात बसवून कोल्हापुरात आणायला एखादा रोमन मुत्सद्दी निवडा, असं मला कुणी सांगितलं तर मी थोरल्या प्लिनीचं नाव घेईन. सीझरचं इथे काही काम नाही. प्लिनीनं मात्र एक तक्रार लिहून ठेवली आहे, आणि तिचं उत्तर आमच्या ब्रह्मपुरीच्या मातीतून निघालं आहे. ते त्याला मिळावं असं मला फार वाटतं.

हायस्कुलात इतिहास शिकवत होते तेव्हा नववीची मुलं घेऊन मी टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जायचे. मुलं हत्यारांकडे धावायची. मी त्यांना एका कांस्यमूर्तीपुढे उभं करायचे. मूर्तीची उंची वीतभरसुद्धा नाही. दाढीवाला, उघड्या अंगाचा देव, एक हात वर उचललेला. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. "बाई, ह्याच्या हातातलं काय पडलंय?" एका मुलीनं विचारलं. त्रिशूळ, मी म्हटलं. "मग शंकरच की हा!" वर्ग हसला. मी हसले नाही. ज्या घरात ही मूर्ती दोन हजार वर्षांपूर्वी आली, त्या घरच्या बाईनंही तेच म्हटलं नसेल कशावरून?

पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी ही कोल्हापूरची सगळ्यांत जुनी वस्ती. गेल्या शतकाच्या चाळिशीत तिथे कांस्याच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५२ साली छापून आला. सातवाहन काळातली विटांची घरं तिथे उघडी पडली. साठ्यात पोसायडन होता, इटलीच्या घडणीची मुठीची सुरई होती, पर्सियस आणि अँड्रोमेडा कोरलेली एक गोल चकती होती. पण बहुतेक वस्तू इथल्याच. भांडी, आरसे, आणि हत्तीवर दाटीवाटीनं बसलेली माणसं. ते हत्तीचं शिल्प मला पोसायडनइतकंच प्रिय आहे. परदेशी माल देशी मालात असा मिसळून ठेवलेला होता. लूट किंवा राजाला आलेला नजराणा म्हणून वेगळा काढून ठेवावा, तसा तो नव्हता.

हा माल आला कसा? पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याचं 'पेरिप्लस' नावाचं टिपण उपलब्ध आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैत सुटत, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परतत. भडोचला इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी उतरत. पैठणहून अकीक, तेरहून मलमल गाड्यांवर लादून भडोचला येई. चौल आणि त्याच्या दक्षिणेची कोकणातली बंदरंही या टिपणात आहेत. कोकणातून घाट चढून वर आलं की पंचगंगेचं खोरं. आजही गगनबावड्याहून आणि आंब्याहून येणारी वाट कोल्हापुरातच उतरते.

आणि रोमन जगाला इथली माहिती होती. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीनं भूगोल लिहिला, त्यात हिप्पोकूरा इथे राज्य करणाऱ्या बालेओकूरोस राजाचं नाव येतं. कोल्हापूरच्या परिसरात विळिवायकुर नावाच्या राजाची नाणी सापडतात. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. बालेओकूरोस म्हणजे हाच विळिवायकुर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शाळेच्या पुस्तकात या राजाला एक ओळही मिळत नाही याचं मला दुःख आहे.

आता प्लिनी. सम्राट व्हेस्पेसियनचा विश्वासू, प्रांतांचा कारभार पाहिलेला, मिसेनम इथल्या आरमाराचा प्रमुख. इ. स. ७७ मध्ये त्यानं आपला 'नॅचरल हिस्ट्री' हा विश्वकोश राजपुत्र टायटसला अर्पण केला. त्याच्या सहाव्या खंडात तो लिहितो की भारत दरसाल रोमचे ५ कोटी सेस्टर्शियस ओढून घेतो, आणि तिथला माल आमच्याकडे शंभरपट भावानं विकला जातो. मिरी, रेशीम, मोती, बायकांची हौस यांवर त्याचा फार राग. पैसा जातो, एवढंच त्याला दिसलं.

व्हिएन्नात जपून ठेवलेला एक पपायरस हिशेबाची दुसरी बाजू दाखवतो. दुसऱ्या शतकातला तो कर्जाचा कागद. केरळातल्या मुझिरिसहून 'हर्मापोलॉन' नावाच्या एकाच जहाजानं आणलेल्या मालाची किंमत त्यात सुमारे ७० लाख सेस्टर्शियसच्या घरात आहे. असा माल साम्राज्यात शिरताना त्यावर चौथाई जकात बसे. म्हणजे ज्या व्यापारानं रोम बुडतंय असं प्लिनी म्हणत होता, त्याच व्यापारावर रोमचा खजिना भरत होता. कारभारी माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि म्हणून मी त्याला सहज सोडणार नाही.

इतिहास वळवण्याच्या कथांत लेखक बहुधा राजाकडे किंवा रणांगणाकडे पाहतात. स्प्रेग द कॅम्पच्या 'लेस्ट डार्कनेस फॉल' या १९३९ सालच्या कादंबरीत मार्टिन पॅडवे हा पुरातत्त्वज्ञ इ. स. ५३५ च्या रोममध्ये जाऊन पडतो. तिथे गॉथ राजांचा रोमन मंत्री कॅसिओडोरस त्याला भेटतो, आणि राज्य सावरायची जबाबदारी पॅडवेवर येते. पण तो आधी पोटासाठी सावकाराच्या कारकुनांना दशमान अंक शिकवतो. अंक मुळात आपल्याकडचे, हे वाचताना मला आनंद झाला होता. आमच्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहिलं. त्यात विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा घडतो. कथा फार मोठी आहे, मी ती वर्गात वाचून दाखवायचे. पण ब्रह्मपुरीचा इतिहास कुठल्याही गोळीनं वळलेला नाही. तो वाऱ्यानं, बैलांनी आणि उधारी सांभाळणाऱ्या माणसांनी घडवला.

म्हणून माझी कथा अशी: व्हेस्पेसियन प्लिनीचं ऐकतो आणि भारताकडे जाणारं सोनं थांबवतो. लढाई होत नाही, कुणी मरत नाही. फक्त जुलैत जहाजं सुटत नाहीत. मग कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवरची त्यांची नावं नाहीशी होतात. नाशिकचं इंद्राग्निदत्त यवनाचं लेणं डोंगरातच राहतं. घाटवाटांवरच्या व्यापाऱ्यांचे हात आखडतात आणि जुन्नरची निम्मी लेणी कोरायची राहून जातात. पाँपेईच्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची जी बाई सापडली, तीही तिथे नसते. तिच्या घडणीची मूर्ती आपल्याकडे जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाली आहे. आणि टाऊन हॉलमधली ती काच रिकामी.

प्लिनीची गाठ मला शाहू महाराजांशीही घालून द्यायची आहे. गादीवर आल्यावर वर्षभरातच, १८९५ मध्ये, महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, गुळाचा बाजार उभा केला. बाहेरचा व्यापारी आला की पैसा नेतो, हे त्यांनाही दिसत होतंच. पण तो येताना हमालाला, गाडीवानाला, गुऱ्हाळवाल्याला काय देऊन जातो तेही त्यांनी पाहिलं. राज्यकर्त्यानं व्यापाराकडे पाहायचं ते असं, हे माझं ठाम मत आहे.

ही कथा कुणी लिहायला घेतली तर साल तेवढं सांभाळावं. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा जहाजं घेऊन लोकांना वाचवायला गेलेला प्लिनी स्टॅबियाच्या किनाऱ्यावर मेला. पुस्तक त्याच्या दोन वर्षं आधीचं. तेव्हा त्याला ७६ सालातून उचलावं, टाऊन हॉलमध्ये आणावं, पोसायडन दाखवावा, हत्तीवरची माणसं दाखवावीत, पपायरसचा हिशेब समोर ठेवावा आणि लगेच परत पाठवावं. म्हणजे सहाव्या खंडात ५ कोटींच्या आकड्याखाली जकातीची रक्कम लिहायला त्याला वेळ मिळेल.