‘ओइदा’ : एका ग्रीक क्रियापदाचा इतिहास

ग्रीक व्याकरणात ‘ओइदा’ हे क्रियापद अपवादांत गणले जाते. रूप पूर्ण काळाचे, अर्थ मात्र वर्तमानाचा : ‘मी जाणतो’. पूर्ण काळास अपेक्षित असलेला अभ्यासही त्यात नाही. संस्कृतातील ‘वेद’ हे रूप नेमके असेच आहे. पाणिनीने विद् धातूस लटाच्या अर्थी लिटाचे प्रत्यय विकल्पाने सांगून ही विसंगती नोंदविली आहे. (मराठीत ‘मला कळले’ म्हणताना रूप भूतकाळाचे व बोध वर्तमान स्थितीचा असतो, तो प्रकार यास जवळचा.)

ओइदा, ओइस्था, ओइदे यांच्यासमोर वेद, वेत्थ, वेद ही रूपे ठेवली असता साम्य आपोआप दिसते. बहुवचनात मूळ स्वर ऱ्हस्व होतो : होमरचे ‘इद्मेन’, संस्कृत ‘विद्म’, गॉथिक ‘वितुम’. अ‍ॅटिक बोलीतील ‘इस्मेन’मधला सकार मात्र ‘इस्ते’ (तुम्ही जाणता) या रूपाच्या सादृश्याने आलेला आहे. ग्रीकमधील लुप्त आद्य वकार बेंटली याने १८व्या शतकात होमरच्या वृत्तावरून ताडला होता. १९५२ मध्ये व्हेंट्रिसने रेखालिपी ‘ब’ उलगडल्यावर पिलोस येथील एका मृत्पट्टिकेत ‘विदे’, म्हणजे ‘पाहिले’, हे वकारासह रूप वाचता आले.

धातूचा मूळ अर्थ ‘पाहणे’ असल्याने ग्रीकांच्या लेखी ज्ञान म्हणजे दर्शनच, असा सिद्धान्त पुष्कळदा मांडला जातो. इलियडच्या दुसऱ्या सर्गात काव्यदेवता उपस्थित असल्यामुळे जाणतात, माणसे केवळ ऐकतात, हे स्थळ त्यास अनुकूल आहे खरे. तथापि ओडिसीतील सायक्लोप्स अधर्म ‘जाणतो’, तेथे पाहण्याचा संबंध कोठला? तो स्वभावच सुचविला आहे. शिवाय हा अर्थपालट संस्कृत व गॉथिक यांतही असल्याने तो ग्रीक भाषा स्वतंत्र होण्यापूर्वीचा ठरतो. त्याचे श्रेय ग्रीक प्रतिभेस देणे सयुक्तिक नाही.

पुढे एकवचनाचा स्वर बहुवचनातही शिरला. नव्या करारात ‘ओइदामेन’, ‘ओइदाते’ ही रूपे रूढ असून ‘इस्ते’ मोजक्या स्थळी उरले आहे. आजच्या बोलीभाषेत ‘जाणणे’ या अर्थी ‘शोधून काढणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेले ‘क्सेरो’ वापरतात. त्याच प्राचीन धातूचे ‘ईदा’ हे रूप मात्र टिकून आहे. त्याचा अर्थ ‘मी पाहिले’.